आईचे वजन आणि बाळाची वागणूक

गरोदर स्त्रीने दोन जिवांचे खावे, असे काही घरांत सांगतात. उलट ‘फार खाल्ले तर पोर मोठे होईल, बाळंतपण अडेल’ म्हणून काही घरांत सुनेच्या ताटातली भाकरी कमी होते. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात. पण दोन्ही चुकीचे आहेत. गर्भारपणातील आईच्या वजनाचा व आहाराचा संबंध बाळाच्या वजनापुरता नसून पुढे त्याच्या मेंदूशी व वागणुकीशीही असतो.

माकडांवरील प्रयोग

माणसांत हे शोधणे अवघड असते. आहार, गरिबी, शिक्षण, घरातले वातावरण या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून शास्त्रज्ञ माकडांकडे वळले. माकडिणीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते आणि तिचे गर्भारपण आपल्याशी बरेच मिळतेजुळते असते. अमेरिकेतील ओरेगॉन येथे जपानी माकडिणींच्या एका गटाला नेहमीचा आहार, तर दुसऱ्या गटाला भरपूर चरबीचा आहार देण्यात आला. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. चरबीयुक्त आहार घेणाऱ्या आयांची मादी पिल्ले अनोळखी वस्तू पाहून अधिक बिचकत. त्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याच्या यंत्रणेतही बिघाड आढळला. मन शांत ठेवण्यात या द्रव्याचा मोठा वाटा असतो.

अर्थात, जाड आईचे मूल भित्रेच निघेल, असा याचा अर्थ नव्हे. मात्र धोका वाढतो, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडचे चित्र

आपल्या खेड्यांतील प्रश्न बराचसा उलटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील सुमारे 800 गर्भवतींचा अभ्यास केला. गर्भारपणापूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन होते अवघे 42 किलो! बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधील बाळांपेक्षा ती हडकुळी होती, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक होती. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका असतो.

याच अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध घेणाऱ्या स्त्रियांची बाळे अधिक चांगल्या वजनाची आढळली. शेतीची व पाणी वाहण्याची जड कामे करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान होती. निम्म्याहून अधिक मातांत ‘ब 12’ जीवनसत्त्व कमी होते. त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर चाचण्या घेतल्या, तेव्हा हे जीवनसत्त्व फारच कमी असलेल्या मातांची मुले एकाग्रतेत व तात्पुरत्या स्मरणशक्तीत मागे पडली. वर्गात लक्ष न देणाऱ्या पोराला मारण्यापूर्वी एवढे आठवावे.

काय करावे?

1. लग्नानंतर, दिवस राहण्यापूर्वीच, वजन व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

2. गर्भारपणात साधारण 10 ते 12 किलो वजन वाढावे. चौथ्या महिन्यापासून महिन्याला सुमारे 2 किलो वाढ ठीक. मुळात हडकुळ्या स्त्रीने अधिक, तर स्थूल स्त्रीने कमी वाढवावे. पण स्थूल स्त्रीनेही उपाशी राहू नये.

3. महिन्यात 3 किलोहून अधिक वजन वाढले, किंवा चेहऱ्यावर, हातांवर सूज आली, तर रक्तदाब व साखर त्वरित तपासावी.

4. भाकरीसोबत डाळ, उसळ, मेथी, राजगिरा किंवा शेवग्याचा पाला, वर लिंबू घ्यावे. दूध, दही, चालत असल्यास अंडी व मासे यांतून ‘ब 12’ मिळते. घरचे सारे दूध डेअरीला घालू नये. तळलेले पदार्थ, फरसाण, बिस्किटे यांनी वजन वाढते, पोषण होत नाही.

5. शेवटच्या महिन्यांत जड हंडे उचलायला लावू नयेत. दुपारी दोन तास विश्रांती द्यावी.

हे जमण्यासारखे आहे. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्य सेविका बनवले आणि गरोदर स्त्रीची काळजी गावातच घेता येते, हे दाखवून दिले. आज आशाताई व अंगणवाडी गावोगाव आहेत. वजनकाट्यावर दरमहा उभे राहण्यास पैसे पडत नाहीत. सासूबाईंनी सुनेला तेवढे घेऊन जावे आणि वजनाचा आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावा.