संगणकाच्या दप्तरात वाट शोधताना

जुन्या दप्तरखान्यात कागद काढावयास जाणाऱ्या कारकुनास दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागत : हवा असलेला कागद कोणत्या रुमालात बांधला आहे, आणि आपण स्वतः कोणत्या कपाटासमोर उभे आहोत. आज पुष्कळ कार्यालयांत, शाळांत व ग्रामपंचायतींत कागदांची जागा संगणकाने घेतली असली, तरी या दोन गोष्टींचे महत्त्व तिळमात्र कमी झालेले नाही.

पडद्यावरील चित्रांवर टिचकी मारून फोल्डर उघडण्याची आपणांस सवय असते. परंतु केवळ शब्दांनी आज्ञा देऊन फोल्डरांत फिरण्याची जुनी रीतही प्रत्येक संगणकात कायम आहे. तिला 'कमांड लाइन' म्हणतात. ती शिकल्याने संगणकाची अंतर्गत मांडणी जितकी स्पष्ट होते, तितकी अन्य मार्गाने क्वचितच होते.

कपाटात कपाट

१९८१ साली निघालेल्या एम. एस. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरांची सोय नव्हती. एका तबकडीवरील सर्व फाइली एकाच यादीत असत. फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोय १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मलेल्या युनिक्स प्रणालीत आणि तिच्याही आधीच्या मल्टिक्समध्ये ती होती.

ही मांडणी पत्रावरील पत्त्यासारखी आहे. जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने आपण जसे मोठ्याकडून लहानाकडे येतो, तसेच येथेही. समजा, 'डी' ड्राइव्हमध्ये 'ग्रामपंचायत' हे फोल्डर आहे. त्यात 'घरपट्टी' व 'पाणीपट्टी' ही दोन, आणि त्या प्रत्येकात '२०२४' हे एक फोल्डर आहे. तर घरपट्टीच्या त्या वर्षाचा पूर्ण पत्ता असा होईल :

डी:\ग्रामपंचायत\घरपट्टी\२०२४

(येथे समजण्याच्या सोयीसाठी सर्व देवनागरीत दिले आहे. प्रत्यक्षात आज्ञा रोमन अक्षरांतच लिहाव्या लागतात.)

चालण्याच्या आज्ञा

विंडोजची कळ व 'आर' एकत्र दाबून 'सीएमडी' असे लिहिले, की काळी चौकट उघडते. तिच्यातील ओळीच्या आरंभी दिसणारा पत्ता म्हणजे आपण उभे असलेले ठिकाण. 'डीआयआर' लिहून एंटर कळ दाबली, की तेथील फाइलींची यादी येते. 'सीडी' व त्यापुढे फोल्डरचे नाव लिहिले, की आपण त्या फोल्डरात शिरतो. 'सीडी'पुढे दोन टिंबे दिली, की एक पायरी वर येतो. तिरपी रेघ दिली, की थेट ड्राइव्हच्या मुळाशी पोहोचतो. एका ड्राइव्हमधून दुसऱ्यात जावयाचे असल्यास मात्र आधी 'डी:' असे लिहावे लागते.

पाणीपट्टीच्या फोल्डरात असताना घरपट्टीकडे जाण्यासाठी संपूर्ण पत्ता लिहिण्याचे कारण नाही. 'सीडी ..\घरपट्टी\२०२४' एवढे पुरते. एक पायरी वर जा, तेथून घरपट्टीत, तेथून २०२४ मध्ये, असा त्याचा अर्थ. यास सापेक्ष पत्ता म्हणतात. नावाची पहिली अक्षरे लिहून टॅब कळ दाबल्यास उरलेले नाव संगणक स्वतः पूर्ण करतो.

लिनक्सवर हीच कामे 'एलएस' व 'सीडी' करतात, 'पीडब्ल्यूडी' सध्याचे ठिकाण सांगते, आणि पत्त्यातील रेघ उलट दिशेने झुकलेली असते. तेथे लहान व मोठी रोमन अक्षरे भिन्न मानली जातात, हे ध्यानी ठेवावे.

आधी ठिकाण, मग आज्ञा

खरी मेख येथेच आहे. समजा, वरील दोन्ही '२०२४' फोल्डरांत 'थकबाकी' नावाची फाइल आहे. पाणीपट्टीची निरुपयोगी प्रत काढून टाकावी, अशा हेतूने कोणी 'डीईएल' ही आज्ञा केवळ त्या नावासह दिली; पण तो उभा आहे घरपट्टीत. संगणक हेतू जाणत नाही; तो उभ्या जागेवरील फाइल नष्ट करतो. एकाच फाइलीचे नाव दिले असता तो सहसा पुन्हा विचारीतही नाही. अशी फाइल 'रिसायकल बिन'मध्येही जात नाही. दुसरी प्रत नसेल, तर गावातील कोणाचे येणे किती, याचा पुरावाच जातो. उद्या एखाद्या शेतकऱ्याने भरलेली रक्कम भरलीच नाही असे ठरल्यास दोष कोणाचा?

म्हणून नियम साधा आहे. काही पुसण्यापूर्वी ओळीच्या आरंभीचा पत्ता वाचावा, 'डीआयआर'ने यादी पाहावी, आणि महत्त्वाच्या कामी पूर्ण पत्ताच लिहावा. शाळेतील मुलांना संगणक शिकविताना शिक्षकांनी हा धडा प्रथम द्यावा. कागदावर फोल्डरांचा वृक्ष काढून त्यावर बोट फिरविले, तरी तो समजतो.

साधन बदलले तरी दप्तर सांभाळणाऱ्याची जबाबदारी बदलत नाही. आपण कोठे उभे आहोत हे ज्यास नित्य ठाऊक असते, त्याच्या हाती गावाचे दप्तर सुरक्षित राहते.