आधी माप, मग इंजिन काम

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चिरंजीव भाच्यास,


तुझं पत्र पोचलं. तुझी मारुती ओम्नी निळा धूर सोडते, ऑईल पिते, चढाला दम टाकते. तिकडचा चेन्नईचा मेस्त्री म्हणतो फुल इंजिन काम करू, दुकानातले म्हणतात रिंगा टाकून भागव, आणि कुणी तरी पुदुपेट्टैच्या जुन्या बाजारातून तयार इंजिन आणून बसवायला सांगतोय. तिघांनीही इंजिन खोललेलं नाही की मापलेलं नाही. एवढ्यासाठीच सविस्तर लिहितो.

सौकारपेठेत तुझ्या गलाईच्या दुकानात कुणी जुना दागिना आणला, तर तू तो आधी कसाला लावतोस, मग मुशीत टाकतोस. इंजिनालाही हाच नियम लाव. धूर बघून, आवाज ऐकून शंका घ्यावी. निर्णय मापावर घ्यावा.

पहिली गोष्ट म्हणजे धुराची वेळ बघ. सकाळी चालू करताना भपकन निळा धूर आला आणि मिनिटभरात थांबला, तर बहुतेक वाल्व्ह सील कडक झालेत. ते हेडचं काम, त्यासाठी ब्लॉकला हात लावायची गरज नाही. गाडी भरलेली असताना, चढाला अॅक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर येत असेल, तर संशय रिंग आणि बोअरवर. पांढरी वाफ येते, रेडिएटरचं पाणी कमी होतं आणि ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकटा दिसतो, असं असेल तर हेड गॅस्केट बघ. हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा जास्त तापलं की वाकतं.

मग काँप्रेशन तपासून घे. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, तिन्ही प्लग काढलेले आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत मोज. आकडे कंपनीच्या किमान मर्यादेच्या वर हवेत आणि तिन्ही सिलिंडरांत चौरस सेंटिमीटरला १ किलोहून जास्त फरक नको. जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोज. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेलंय, जागचा हलला नाही तर वाल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर गॅस्केट. एवढी तपासणी अर्ध्या दिवसात होते, आणि तिच्या खर्चासाठी हात आखडू नकोस.

चेन्नईत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चं मिचाँग वादळ, या दोन्ही वेळी शहरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. तू गाडी जुनी घेतलीस, तेव्हा तिचा हा इतिहास विचार. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी स्टार्टर मारला असेल, तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हेड काढल्यावर तिन्ही पिस्टन आळीपाळीने वर आणून बघ. एखादा बाकीच्यांपेक्षा किंचित खाली राहत असेल, तर रॉड वाकलेला समज. तिथे नुसत्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

हेड निघालं की बोअरच्या वरच्या काठाशी नखाने चाचप. रिंग जिथवर चढते तिथे कड लागेल. कड ठसठशीत असेल तर झीज मोठी. मग बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मोजून घे. या इंजिनाचं मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर. लंबगोलपणा किंवा उतार ०.१० मिलिमीटरच्या आत असेल तर होनिंग, नव्या रिंगा आणि वाल्व्हचं काम, म्हणजे हाफ इंजिन, खुशाल कर. त्याच्या पुढे गेला असेल तर रिबोअरच. लंबगोल बोअरमध्ये गोल रिंग कधीच नीट बसत नाही. काही महिन्यांत धूर परत येतो आणि उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा पडते.

रिबोअर ठरलं तर आधी ओव्हरसाइझ पिस्टन हातात घे आणि तो मापून त्याच्या हिशेबाने बोअर कापून घे. आधी बोअर कापून मग पिस्टन शोधत फिरणाऱ्या मेस्त्रीकडे जाऊ नकोस. पिस्टन-रिंगांची तुला तिथे वाण नाही. इंडिया पिस्टन्स १९४९ पासून तुमच्या शेजारच्या सेंबियमलाच आहे. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजून घे, आणि गरम इंजिनाला ऑईल प्रेशर पडत असेल तर बेअरिंगचं काम टाळू नकोस. इंजिन खाली आहेच, तर ऑईल सील, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट आणि क्लच प्लेट तेव्हाच बघून घे.

पुदुपेट्टैचं इंजिन स्वस्त दिसतं, पण ते किती चाललंय, बुडालेलं आहे का, हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय आरसी बुकात इंजिन नंबर असतो. दुसरं इंजिन बसवायचं तर आरटीओची परवानगी आणि नोंद हवी. स्वतःचा ब्लॉक दुरुस्त केलास तर नंबर तोच राहतो.

मात्र हे सगळं करण्याआधी गाडीच्या खाली शिर. समुद्राच्या खाऱ्या हवेने फ्लोअर, चासी, सस्पेन्शनचे माउंट खाल्ले असतील, तर कितीही चांगलं इंजिन बसव, गाडी टिकणार नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं. ती तारीखही बघ. पत्रा गेला असेल तर इंजिनावर एक रुपया घालू नकोस, गाडी विकून टाक. तिच्यावर माया आहे हे मला कळतं, पण तू तिच्यातून बायकापोरांना घेऊन चेन्नईहून विट्याला येतोस.

झीज का झाली, तेही समजून घे. मिंट स्ट्रीटवरून एनएससी बोस रोडला यायचं तर गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. काटा हलत नाही, इंजिन मात्र तास मोजतं. छोट्या फेऱ्यांत ऑईल पुरतं तापत नाही, त्यात पेट्रोल आणि पाणी मुरतं, गाळ धरतो. म्हणून तुझ्या गाडीचं ऑईल किलोमीटरवर नको, सहा महिन्यांनी बदल.

काम झालं की पहिले हजार किलोमीटर तिला जपून चालव. जागेवर फार वेळ चालू ठेवू नकोस, वेग बदलत राहा, ओझं घालू नकोस, मग ऑईल आणि फिल्टर बदल. दिवाळीला राष्ट्रीय महामार्ग ४८ ने यायचं असेल, तर काम त्याआधी दोन महिने संपलं पाहिजे. घाईने बांधलेल्या इंजिनावर भरल्या गाडीने निघू नकोस.

तेव्हा येत्या रविवारी काँप्रेशन आणि पत्रा, दोन्ही तपासून घे. मेस्त्रीकडून तिन्ही सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून घे आणि मला कळव. तोवर कुणालाही इंजिनाचा आगाऊ पैसा देऊ नकोस.

तुझा,
मामा