नसेची तपासणी, पण घाई नको

तोंड वाकडं झालं की घरात 'वारं गेलं' म्हणून एकच हलकल्लोळ उडतो. उडू द्यावा. पक्षाघात असेल तर एकेक मिनिट मोलाचं, म्हणून हात-पाय जड पडले, जीभ अडखळली तर सरळ मोठं इस्पितळ गाठावं. माझे हात-पाय ठीक होते. उजवा डोळा मिटत नव्हता, चूळ भरताना पाणी ओघळत होतं आणि त्या बाजूच्या कपाळाला आठी पडत नव्हती. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळ वाचतं. कानामागच्या हाडातून चेहऱ्याकडे येणारी सातवी नस सुजली, तर अख्खी बाजू जाते. अर्थात हा निवाडा डॉक्टरांचा, आरशासमोर आपण करायचा नव्हे.

डॉक्टरांनी बेल्स पाल्सी सांगून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. मधुमेह असेल तर आधी सांगावं, साखर चढते. पण आमच्या मेव्हण्यांना नुसत्या गोळ्यांत राम वाटेना. 'रिपोर्ट कुठाय?' म्हणत दुसऱ्याच दिवशी ते मला एका तपासणी केंद्रात घेऊन गेले.

नाकपुडीजवळ चिकटपट्टीसारखे इलेक्ट्रोड लावले, कानाच्या पाळीखाली करंट दिला. निर्जीव गाल टणकन उडाला! पडद्यावर दोन्ही बाजूंच्या लाटा सारख्याच उंच. रिपोर्ट 'नॉर्मल', मेव्हणे खूश. तोंड मात्र वाकडंच.

खरी गोम पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी उलगडली. नस अडते हाडाच्या अरुंद बोगद्यात आणि करंट देतात तो बोगद्याच्या बाहेर. अडथळ्यापलीकडचा तुकडा मरणार असला, तरी साधारण तीन दिवस तो करंटला साथ देत राहतो. तोवरचा 'नॉर्मल' पोकळ. म्हणून ही तपासणी चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत करायची, तीही बाजू पूर्ण लुळी असेल तरच. थोडी जरी हालचाल शिल्लक असली तरी बरं होण्याची आशा मोठी. तिथे पैसे खर्चून हाती नवं काही लागत नाही.

योग्य वेळी पुन्हा केली तेव्हा आजारी बाजूची लाट चांगल्या बाजूच्या तिसऱ्या हिश्शावर आली होती. ऐकायला वाईट, पण धोक्याची रेघ त्याहून बरीच खाली असते: नव्वद टक्क्यांहून जास्त घट झाली, तर सुधारणा लांबते, अपुरी राहू शकते. रिपोर्ट हातात घेताना तारीख आणि दोन्ही बाजूंचे आकडे पाहावेत. नुसत्या 'नॉर्मल'वर जाऊ नये. सुईची तपासणी, ईएमजी, दोन-तीन आठवड्यांनंतरची, ती दुखते.

या सगळ्यात डोळा विसरला जातो आणि कायमचं नुकसान तिथेच होऊ शकतं. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणीवर कागदी टेप. कानात दुखणारे फोड आले तर नागिणीचा संशय, लगेच सांगावं. वाकडेपणा हळूहळू आठवड्यागणिक वाढत गेला किंवा तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर एमआरआय टाळू नये.

आणि गालाला करंटचा शेक देणारे गल्लोगल्ली भेटतील. त्याने फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, असं म्हणत माझ्या डॉक्टरांनी तो सपशेल बंद करायला लावला.