झाडाला दोन कळशा, आपल्याला किती?

हळद शिजवून वाळत पडली, कापसाची शेवटची वेचणी उरकली, की आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या वस्त्यांमधल्या बायांचे शेतातले काम आटते. मग कुठे नगर परिषदेच्या उद्यानात, कुठे सामाजिक वनीकरणाच्या रोपवनात, कुठे रस्त्याकडेच्या रोपांवर हंगामी काम निघते. आळी करायची, खुरपायचे, खोडाभोवती पालापाचोळा पसरायचा, बाभळीच्या काट्यांचे कुंपण बांधायचे आणि मुख्य म्हणजे पाणी घालायचे. सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमत, कुठेही जा, जूनचा पाऊस पडेपर्यंत हे काम चालते. पुरुषही असतात, पण पाणी घालणाऱ्यांत बायाच जास्त दिसतात.

झाडे लावण्याचा गाजावाजा जुलैत होतो. 1 जुलै 2016 रोजी राज्यात एका दिवसात 2 कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम झाला, 2019 साली हे उद्दिष्ट 33 कोटींवर गेले. पण रोप जगले की वाळले ते ठरते एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे झाड खरे वाचवतात ते उन्हाळ्यात कळशी वाहणारे हात. या हातांच्या तब्येतीविषयी आज बोलायचे आहे.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचे सांगतो. एका बागेत त्या रोज सकाळी आठ ते दुपारी चार रोपांना पाणी घालत. मुकादम झाडामागे दोन कळशा मोजून घ्यायचा. ताई स्वतः मात्र दुपारच्या भाकरीबरोबर एक तांब्या पाणी पीत, बस्स. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी त्या बडबडायला लागल्या, पाय लटपटले आणि आळ्यातच बसल्या. सोबतच्या बायांनी नाकाला कांदा लावला, चप्पल हुंगवली. त्यात बराच वेळ गेला. शेवटी एका पोराने त्यांच्या अंगावर झाडाचेच पाणी ओतले आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेले. त्या वाचल्या. नंतर आम्ही विचारले, ताई, पाणी तुमच्या हातात होते, प्यायला का नाही? त्या म्हणाल्या, "प्यायलं की लघवीला जावं लागतं. जायचं कुठं?"

बागेत शौचालय होते. त्याला कुलूप होते.

हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. सभेत बायांना विचारले तर निम्म्या जणी खाली मान घालून हेच सांगतात. कामाला येताना घरून पाणी न पिता निघायचे, दिवसभर घोटभर पिऊन काढायचे आणि संध्याकाळी घरी गेल्यावर ढसाढसा प्यायचे. याचे शरीरावर काय होते ते समजून घेऊ.

ऊन आणि मेहनत यांनी शरीर तापते आणि ते थंड ठेवायला घाम येतो. घामावाटे पाणी जाते, मीठ जाते. भरून न काढल्यास आधी पोटऱ्यांत गोळे येतात, डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. इथेच थांबून सावलीत बसले, पाणी प्यायले, तर माणूस सावरतो. काम रेटत राहिले तर उष्माघात होतो. अंग 40 अंशांवर तापते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झटके येतात, शुद्ध हरपते. पुष्कळांना वाटते की घाम थांबला तरच उष्माघात. तसे नाही. मेहनतीच्या कामात अंगावर घाम असतानाही उष्माघात होतो. बोलणे बिघडले ही खरी खूण धरा.

अशा वेळी 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत न्या, अंगावरचे जास्तीचे कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता आणि पदराने, पुठ्ठ्याने वारा घाला. मान, काखा, जांघा येथे ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाते. कांदा, चप्पल यांनी फक्त वेळ जातो. अंग लवकर थंड होणे महत्त्वाचे आणि पाणी घालायच्या कामावर पाणी तर असतेच.

दुसरे नुकसान हळूहळू होते, म्हणून कळत नाही. लघवी तुंबवून ठेवली की जंतुसंसर्ग होतो. आग होते, कळ येते, ताप येतो. दर उन्हाळ्यात शरीर कोरडे पडत राहिले तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि मुतखडाही होतो. त्यात संध्याकाळी अंग दुखते म्हणून दुकानातून सुटी दुखण्याची गोळी आणून रिकाम्या, कोरड्या शरीरात घेणे फार वाईट. अशा पुष्कळ गोळ्या कोरड्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करतात. गरोदर बाईने तर अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

पाणी पुरेसे पोटात जाते की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गर्द पिवळी, चहासारखी झाली तर शरीर पाण्यासाठी ओरडते आहे. उन्हात काम करताना दर वीस मिनिटांनी एक पेला प्यावा, तहान लागायची वाट पाहू नये. चार तासांच्या कामाला अडीच-तीन लिटर लागते. हे एकदम पिऊन चालत नाही. मीठ घातलेले ताक, लिंबूपाणी चांगले. घरी जीवनजल करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने घालू नये. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा औषधोपचार चालू असेल त्यांनी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

आता वेळेची गोष्ट. दुपारी बारा ते चार पाणी घालण्यात झाडाचाही फायदा नाही. तापलेल्या जमिनीवर ओतलेले पुष्कळ पाणी वाफ होऊन उडते. पहाटे किंवा सूर्य कलल्यावर घातलेले मुळापर्यंत मुरते. रोपाजवळ मडके पुरून तळाच्या भोकात वात घातली की पाणी झिरपत राहते आणि फेऱ्याही कमी होतात. तेव्हा मुकादमाकडे वेळ बदलून मागताना आपण दयेची भीक मागत नाही, झाड जगण्याची गोष्ट सांगतो. सकाळी सहा ते अकरा आणि मग संध्याकाळी दोन तास, असे मागून पाहा. नव्याने कामावर आलेल्या बाईला पहिला आठवडा हलके काम द्यावे. शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात आणि उष्माघाताचा धोका पहिल्या दिवसांतच जास्त असतो.

2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे स्वच्छ पाणी, मुलांसाठी सावली, विसावा आणि प्रथमोपचार पेटी लेखी दिली होती. त्या यादीत मुतारी नव्हती. यादी करणाऱ्यांना पाणी सुचले, पाणी पिल्यावर बाईने जायचे कुठे ते सुचले नाही. आपण 20 मार्च 1927 च्या चवदार तळ्याची लेकरे. सार्वजनिक पाण्यावर आपला हक्क आहे हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. बागेच्या शौचालयाची किल्ली मागताना लाजायचे कारण काय? सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांचे आणि जनावरांचे उपचार, औषधी वनस्पती, वाटेवरच्या विहिरी आणि झाडे हे सगळे एकाच ठिकाणी कोरलेले आहे. झाड आणि माणसाचे आरोग्य वेगळे काढलेले नाही.

आणखी दोन-तीन धोके थोडक्यात. वाळवीचे औषध हाताळताना हातमोजे घाला, हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू किंवा भाकरी तोंडात नको. त्या औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी प्यायच्या पाण्याला वापरू नका. खोडाला चुना लावताना डोळ्यात उडाला तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा. पालापाचोळा हाताने नव्हे, काठीने किंवा पंजाने सारा. त्यात साप असतो, विंचू असतो. साप चावला तर चिरा नको, आवळून बांधणे नको, मांत्रिक नको. हात-पाय हलू न देता सरकारी दवाखान्यात न्या. विंचू चावून नुसती आग होत नसून दरदरून घाम, उलटी, हात-पाय गार असे झाले तर तेही तातडीचे. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध कसे वापरायचे ते आपल्या मराठवाड्यातूनच गेलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून जगाला दाखवले.

येत्या रविवारी वंदनेनंतर कामावर जाणाऱ्या बायांनी विहारात दहा मिनिटे थांबावे. दोघी-दोघींच्या जोड्या लावून घ्याव्यात. एकमेकींचे पाणी मोजायचे, एकमेकींचे बोलणे ऐकायचे. एकीने चौकीदाराला किल्लीचे विचारावे, एकटीने नाही तर चौघींना सोबत घेऊन. जीवनजलाची पाकिटे आशाताईंकडे मिळतात. जाताना दोन घेऊन जा, एक तुमच्यासाठी आणि एक जिने आणले नसेल तिच्यासाठी.