पोराला कोंडू नकोस गं!

अगं, "चौथीतला तो पोरगा आवरतच नाही, सगळे म्हणतात दहा मिनिटं खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंड," असं तू फोनवर म्हणालीस ना, तेव्हापासून मनात घोळतंय. नोकरी नवी आहे तुझी, म्हणून ताईच्या नात्याने स्पष्टच सांगते: कडीला हात लावू नकोस.

उद्या काही झालं तर सल्ला देणारे हात झटकतील, चौकशी तुझी होईल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातलीय. बाल हक्क आयोगाच्या सूचनांमध्ये तर मुलाला वर्गात, ग्रंथालयात, शौचालयात कोंडणं हीसुद्धा शारीरिक शिक्षाच धरलीय. अमेरिकेत काही राज्यांत नियम घालून मुलांना कोंडायच्या खोल्या चालवतात. पण आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णालासुद्धा एकट्याला कोंडून ठेवायला मनाई केलीय. मग नऊ वर्षांच्या लेकराचं काय?

कायदा राहू दे बाजूला. धुळ्याचा एप्रिल, वर पत्रे, खिडकी बंद. आतला आवाज थांबला की आपल्याला वाटतं पोरगं सुधारलं. ते घाबरलेलं असतं गं.

मग करायचं काय? वर्गातच एक कोपरा ठेव. चटई, पाण्याची बाटली, दोन चित्रांची पुस्तकं. तिथे त्याने स्वतःहून जावं, स्वतःहून यावं. दार उघडं आणि तू नजरेसमोर. भडकला असेल तेव्हा उपदेश नको. शांत झाला की त्याच्या अहिराणीत विचार, "काय व्हयनं रे भाऊ?" घरची बोली ऐकली की पोरं बोलती होतात. कधी भडकतो, त्याआधी काय घडलं, हे वहीत टिपून ठेव. महिनाभरात कारण हाती लागेल: भूक, ऐकू कमी येणं, घरातली भांडणं. मग आईला बोलव, पण तक्रार करायला नाही, विचारायला.

आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 ते 1930 शिकवायचे. वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे. पोरांना वळण लावायची तीही एक रीत होती.

आणि मुख्याध्यापकांनीच कोंडायला सांगितलं, तर नम्रपणे म्हण, "सर, तसं लेखी द्या." लेखी कोणी देणार नाही. तरीही शाळेत पोरं कोंडली जात असतील, तर 1098 ही चाइल्डलाइन आहे. फोन करायला कचरू नकोस.