कारखाना रात्रीच का ऐकू येतो?

प्रश्न : आमची सोसायटी औद्योगिक वसाहतीच्या कुंपणापासून साधारण तीनशे मीटरवर आहे. दिवसा कारखान्याचा आवाज जाणवतही नाही. रात्री अकरानंतर मात्र एकसारखी घूंऽऽ घूंऽऽ सुरू होते. थंडीत तर जास्तच. कंपनीचे लोक म्हणतात, ‘रात्री उलट निम्मीच मशीन चालू असतात.’ तक्रार केल्यावर कुंपणापाशी मोजणी झाली आणि आवाज मर्यादेत असल्याचे कळवले. माझ्या मोबाइलवरचे ॲप मात्र ५० डेसिबल दाखवते. यात खरे कोणाचे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या प्रश्नात तिघांची तीन विधाने आहेत : कंपनीचे, मोजणी करणाऱ्यांचे आणि तुमचे. गंमत अशी, की तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. ती कशी, ते एकेक करून पाहू.

आधी कंपनीचे म्हणणे घेऊ. निम्मी मशीन बंद केली की आवाज निम्मा होतो, असे आपण धरून चालतो. डेसिबलचे गणित मात्र साध्या बेरीज-वजाबाकीचे नाही. ६० डेसिबलच्या एका मशीनशेजारी तसेच दुसरे चालू केले तर बेरीज १२० होत नाही, ६३ होते. म्हणजेच निम्मी मशीन बंद केल्यावर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते. शिवाय रात्री जे बंद होते ते बहुधा प्रेस, ग्राइंडर, मालाची चढउतार. कूलिंग टॉवरचे पंखे, ब्लोअर, कॉम्प्रेसर आणि भट्टीची यंत्रणा पुष्कळ ठिकाणी चोवीस तास चालते, आणि घूं घूं होते ती त्यांचीच.

आता दिवसा ऐकू न येणारा आवाज रात्री कुठून येतो? याची दोन कारणे. पहिले सोपे. दिवसा रस्त्यावरची वाहने, मुले, टीव्ही, मिक्सर या साऱ्यांच्या कोलाहलात तो बुडून जातो. रात्री हा पार्श्वभूमीचा आवाज दहा-पंधरा डेसिबलने सहज खाली येतो आणि बुडालेला कारखाना वर निघतो.

दुसरे कारण हवेत आहे. ध्वनीचा वेग उष्ण हवेत जास्त असतो : २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, आणि तापमान एका अंशाने बदलले की त्यात सुमारे ०.६ मीटरचा फरक. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम आणि वरची थंड असते. अशा हवेत आडवा निघालेला आवाज हळूहळू वर वळतो आणि दूरच्या घरांच्या डोक्यावरून निघून जातो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उलटे होते. जमीन उष्णता गमावते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर तुलनेने उबदार थर राहतो. याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. आता तोच आवाज खाली वळतो आणि दूरच्या खिडक्यांपर्यंत पोचतो. थंडीत आकाश निरभ्र आणि रात्र मोठी, म्हणून त्रास जास्त. पावसाळ्यात ढगांमुळे जमीन तेवढी निवत नाही, म्हणून कमी. सूर्य वर आल्यावर तास-दोन तासांत हा थर मोडतो. सकाळी आठला ‘आता कुठे आहे आवाज?’ असे विचारणाऱ्याला तो ऐकू येत नाही, यात नवल नाही. वाऱ्याचाही वाटा आहेच : कारखान्याकडून तुमच्याकडे वारा असेल तर आवाज वाढतो, उलट असेल तर कमी होतो.

आता ‘मर्यादेत आहे’ या निष्कर्षाकडे वळू. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. या काळातली मर्यादा औद्योगिक क्षेत्रात ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ५५ आणि निवासी क्षेत्रात ४५ आहे. दिवसाच्या मर्यादा अनुक्रमे ७५, ६५ आणि ५५. लोकांचा समज असा, की कारखाना औद्योगिक वसाहतीत आहे म्हणून सगळीकडे ७०चाच आकडा लागू. नियमांतले आकडे मात्र त्या-त्या क्षेत्रासाठी आहेत. कुंपणापाशी ७० लागू होईल. तुमचा भाग निवासी असेल तर तुमच्या गच्चीवर ४५.

हे आकडे एकमेकांना छेद कसे देतात, ते पाहा. समजा, मशीन कुंपणापासून २० मीटर आत आहे आणि कुंपणापाशी मीटर ७० दाखवतो. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने घटतो. ४० मीटरवर ६४, ८० वर ५८, १६० वर ५२ आणि ३२० मीटरवर, म्हणजे तुमच्या घरापाशी, ४६. कुंपणावर कारखाना मर्यादेत, तुमच्याकडे मर्यादेबाहेर! दिवसा आवाज वर वळत असल्यामुळे ४६ चेही आणखी कमी होतात. व्युत्क्रमणाच्या रात्री ती सवलत मिळत नाही.

मोजणी कधी झाली, हाही प्रश्न आहेच. रात्रीच्या तक्रारीसाठी दुपारी तीनला मीटर लावणे म्हणजे भर उन्हात दव मोजायला जाणे. रात्री येऊन पंधरा मिनिटे मोजले तरी नेमकी तेव्हा वाफ सोडली गेली नाही किंवा जनरेटर चालला नाही, तर तो आवाज हुकतो. नियमातला आकडा ठरावीक काळातल्या ध्वनिऊर्जेची सरासरी असतो. ही सरासरीही साधी नव्हे, मोठा आवाज तिला वर ओढतो. आठ तासांच्या रात्रीत बाकी वेळ ४२ डेसिबल असून फक्त १० मिनिटे ६५ डेसिबलची वाफ सुटली, तर रात्रीची सरासरी ४९ भरते. म्हणूनच पूर्ण रात्र मोजणी हवी.

मोजलेल्या आवाजातला कारखान्याचा वाटा किती, हेही वेगळे काढावे लागते. कारखाना चालू असताना ४८ आणि बंद असताना ४५ भरले, तर कारखान्याचा वाटा ३ नव्हे, ४५ निघतो. इथेही ऊर्जेची वजाबाकी करायची असते. चालू आणि बंद यांत १० डेसिबलहून जास्त फरक असेल तर ही दुरुस्ती नगण्य ठरते. ‘बंद’ची नोंद मिळवायला वसाहतीच्या साप्ताहिक सुट्टीची रात्र उत्तम. पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो : रातकिडे आणि बेडूक मीटरला कारखान्याहून जोरात ऐकू येतात. त्यांचा आवाज बहुतेक उंच पट्टीतला असल्याने वारंवारतेनुसार फोड केली की तो ओळखता येतो.

आता तुमची घूं घूं. ही खालच्या पट्टीतली, आणि इथेच मीटर थोडा फसवतो. नियमांतले आकडे ‘ए’ पट्टीवरचे आहेत. आपला कान खालच्या पट्टीला कमी संवेदनशील असतो, म्हणून ‘ए’ पट्टीवर १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल वजा होतात, ६३ हर्ट्झमधून सुमारे २६. भिंती आणि बंद खिडक्या मात्र उंच पट्टीचा आवाज अडवतात आणि खालच्या पट्टीचा बराचसा आत सोडतात. मग खोलीत नुसती घूं घूं उरते. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे आपल्या साध्या बेडरूमइतकी. त्यामुळे खोलीत काही जागी आवाज साठतो, काही जागी विरतो. भिंतीलगत तो बहुधा सर्वांत मोठा असतो. उशी अडीच-तीन फूट सरकवून पाहा. फरक पडला तर तुमचे कान ठीक आहेत असे समजा. मोजणी करणाऱ्यांना, खालच्या आवाजातून फारसे वजा न करणाऱ्या ‘सी’ पट्टीवरचा आकडाही नोंदवायला सांगा. ‘सी’ आणि ‘ए’ यांत १५-२० डेसिबलहून जास्त फरक आला, तर खालच्या पट्टीचा आवाज प्रबळ आहे.

वारंवारता कळली की गुन्हेगारही सापडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झला घुमतो. पंख्याचे गणित वेगळे : सहा पाती आणि मिनिटाला ९६० फेरे असतील, तर सेकंदाला १६ फेरे, गुणिले ६, म्हणजे ९६ हर्ट्झ. कानाला दोन्ही जवळपास सारखे. चांगला मीटर त्यांना वेगळे काढतो. नेमके यंत्र कळले तर उपायही नेमका होतो : पंख्याला सायलेन्सर, कॉम्प्रेसरभोवती ध्वनिरोधक खोली, पायाखाली कंपनरोधक, किंवा रात्री पंख्याचा वेग कमी करणे.

‘कुंपणाला झाडे लावू’ हे उत्तर तुम्हाला मिळाले असेल किंवा मिळेल. झाडे जरूर लावावीत, पण एक-दोन रांगांनी खालच्या पट्टीच्या आवाजात जाणवेल असा फरक पडत नाही. भिंतीचा उपयोग होतो, मात्र ती मशीन आणि घर यांच्यातली सरळ रेषा अडवेल एवढी उंच हवी. तरीही खालच्या पट्टीचा आवाज तिच्यावरून वळून येतो, आणि व्युत्क्रमणाच्या रात्री जास्तच.

राहिले तुमचे ॲप. मोबाइलचा माइक बोलणे नीट ऐकू यावे यासाठी बनवलेला असतो. खालच्या पट्टीचे आवाज तो गाळतो, आणि अंशांकनाशिवाय त्याचा आकडा काही डेसिबलने इकडेतिकडे असू शकतो. प्रमाणित मीटर मोजणीआधी आणि नंतर ठरावीक आवाजाच्या कॅलिब्रेटरवर तपासतात, बहुधा १००० हर्ट्झ, ९४ डेसिबल. माइकवर वाऱ्यासाठी स्पंजची टोपी घालतात, तो जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच आणि भिंतीपासून दूर ठेवतात. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर मोजणी बाद. तेव्हा तुमचे ५० पुरावा म्हणून चालणार नाहीत. पण तोच फोन, तीच जागा आणि रोजची ठरलेली वेळ ठेवली, तर कोणत्या रात्री आवाज वाढतो एवढे तो नक्की सांगेल.

म्हणून महिनाभर वही ठेवा. तारीख, आवाज सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, आवाज एकसारखा की थांबून थांबून, वाऱ्याची दिशा, आकाश निरभ्र की ढगाळ, एवढे लिहा. दोन-तीन वेगवेगळ्या इमारतींतल्या शेजाऱ्यांनी स्वतंत्र नोंदी केल्या तर उत्तम. ही वही जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात अर्ज करा. नियमांतल्या तक्रारीच्या तरतुदीत मर्यादा १० डेसिबलने ओलांडल्याचा उल्लेख आहे, म्हणजे निवासी भागात रात्री ५५. पण कारखान्याला मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते आणि त्यात आवाजाच्या अटी असतात, त्यामुळे मंडळाचे दार तुम्हाला त्याआधीही वाजवता येते.

अर्जात ‘आवाज फार होतो’ एवढेच लिहू नका. चार गोष्टी स्पष्ट मागा : मोजणी रात्री १० ते ६ या पूर्ण वेळात व्हावी, कुंपणापाशी आणि तुमच्या इमारतीपाशी एकाच वेळी व्हावी, कारखाना बंद असतानाची नोंद घ्यावी, आणि आवाजाची वारंवारतेनुसार फोड द्यावी. यांतली एक जरी गळली, तरी पुन्हा ‘मर्यादेत आहे’ असेच उत्तर येण्याची शक्यता मोठी आहे.