चष्मा घालवावा की ठेवावा? लेसर शस्त्रक्रियेपूर्वी करावयाचा हिशोब



आपल्या या पत्रिकेत बेणे, लागण, खत-पाणी आणि खोडवा यांवर नेहमी लिहिले जाते. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. हल्ली प्लॉट पाहणीला गेले की नोंदीची वही मिटता मिटता एक प्रश्न निघतोच, "साहेब, पोराचा चष्मा लेसरनं घालवायचा म्हणतोय. करावं का?" कुणाच्या मुलाला भरतीला उतरायचे असते, कुणाच्या मुलीचे लग्न जमवायचे असते, तर कुणाला ट्रॅक्टरवर घामाने चष्मा घसरण्याचा वैताग आलेला असतो. मी डॉक्टर नव्हे. पण माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये, हे सांगणे माझे रोजचे काम आहे. इथेही नियम तोच आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी आपल्याला काय ठाऊक असावे, ते क्रमाने पाहू.

१) चष्मा का लागतो?

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. हा पडदा आणि आतले भिंग मिळून प्रकाश डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर एकवटतात. डोळा लांबट असला किंवा पडद्याची गोलाई जास्त असली की प्रकाश अलीकडेच एकवटतो आणि लांबचे अंधुक दिसते. हा झाला उणे नंबर. उलट असेल तर अधिक नंबर. पडद्याचा उतार दोन दिशांना सारखा नसेल तर तिरका नंबर येतो.

२) लेसर नेमके काय करतो?

लेसर या पडद्याचा आकार बदलतो. १९८१ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन या मूळ भारतीय शास्त्रज्ञाला व त्याच्या सहकाऱ्यांना असे दिसले, की एक्सायमर लेसरने शरीराच्या ऊतीचा अगदी बारीक थर आजूबाजूला न भाजता काढता येतो. १९८३ मध्ये ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाबरोबर हीच गोष्ट डोळ्याच्या पडद्यावर पाहिली गेली. १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा लेसरला चष्म्याच्या नंबरासाठी मंजुरी दिली. आज मुख्य पद्धती तीन आहेत.

अ) लॅसिक : पडद्याचा पातळ पापुद्रा एका बाजूने जोडलेला ठेवून वहीच्या पानासारखा उलटतात, खालचा भाग लेसरने घडवतात आणि पापुद्रा परत बसवतात. दुखणे कमी, नजर एक-दोन दिवसांत येते.

ब) पीआरके : पापुद्रा न करता वरची नाजूक त्वचा काढून लेसर देतात. त्वचा काही दिवसांत पुन्हा येते. पहिले तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो व नजर स्थिर व्हायला काही आठवडे लागतात.

क) स्माइल : पडद्याच्या आत लेसरने भिंगासारखी बारीक चकती सुटी करून काही मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात.

३) पडद्याच्या जाडीचा हिशोब

सपाटीकरणाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हे लगेच समजेल. उंचवटा काढायचा तर आधी मातीची खोली बघावी लागते. चार फूट काळी जमीन असेल तर फूटभर माती काढली तरी चालते. दीड फुटाखाली मुरूम असेल तर तेवढ्याच खोदाईने रान बाद होते. डोळ्याचेही असेच आहे, आणि इथे काढलेली माती परत भरता येत नाही.

पडद्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. लॅसिकचा पापुद्रा सुमारे ११० मायक्रॉन धरा. एक नंबर उतरवायला ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन जातात. खाली किमान २५० मायक्रॉन तरी शिल्लक राहिले पाहिजेत. बरेच तज्ज्ञ ३०० चा आग्रह धरतात.

समजा, एकाची जाडी ५४० आणि नंबर उणे ४ आहे. पापुद्र्याचे ११० आणि नंबराचे ६० गेले. शिल्लक ३७०. हे ठीक. दुसऱ्याची जाडी ४९० आणि नंबर उणे ९ आहे. पापुद्र्याचे ११० आणि नंबराचे १३५ गेले. शिल्लक २४५. इथे लॅसिकला नाही म्हणणारा डॉक्टरच आपला खरा हितचिंतक समजावा. मर्यादेपलीकडे पातळ झालेला पडदा पुढे फुगू लागतो आणि मग साध्या चष्म्यानेही नीट दिसत नाही. अशा डोळ्यासाठी आत बसवायची कृत्रिम भिंगे निघाली आहेत. तो खर्च आणि विचार वेगळा.

४) कोणी थांबावे?

• वय १८ च्या आत असेल तर नाहीच. १८ झाले तरी गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्याहून जास्त बदललेला नसावा. वाढत्या उसाची तोड घेऊ नये, तसेच हे. जुने चष्म्याचे कागद सांभाळून ठेवावेत, तोच पुरावा.
• पडदा शंकूसारखा पुढे येण्याचा केरॅटोकोनस नावाचा विकार स्वतःला किंवा घरात कुणाला असेल, तर ते आधी सांगावे. डोळे सतत चोळण्याची सवयही सांगावी. यासाठी पडद्याचा नकाशा काढण्याची तपासणी होते. ती झाल्याशिवाय होकार देऊ नये.
• डोळे कोरडे पडत असतील, मधुमेह आटोक्यात नसेल, संधिवातासारखा आजार असेल, तर आधी त्याचा उपचार करावा.
• गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी थांबावे. त्या काळात नंबर बदलू शकतो.
• कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस ती बंद ठेवावी. मऊ लेन्सला एक-दोन आठवडे, कडक लेन्सला त्याहून जास्त. नाहीतर मोजमाप चुकीचे येते.

५) उसात काम करणाऱ्यांसाठी खास

उसाच्या पानाची धार आपण सर्वजण जाणतो. लॅसिकचा पापुद्रा वरून बसला तरी मूळच्या इतका घट्ट जुळत नाही. पुढे काही वर्षांनी जोराचा मार बसला तरी तो सरकल्याची उदाहरणे आहेत. ज्याला रोज उभ्या उसात शिरायचे आहे, पाचट काढायचे आहे, कुस्ती खेळायची आहे, त्याने डॉक्टरांना आपला धंदा स्पष्ट सांगावा आणि पापुद्रा न करणारी पद्धत जमेल का ते विचारावे. ऑफिसात बसणाऱ्याचा आणि आपला डोळा एकच असला तरी त्याला लागणारा मार वेगळा असतो.

वेळही पाहून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे धूळ, फवारणी, पाचटाचा धूर आणि विहिरीत पोहणे टाळावे लागते. ऐन तोडणीच्या हंगामात हे पाळणे कठीण. थेंब बंद केव्हा करायचे ते डॉक्टरच सांगतील. दुकानातून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणून घालू नये. स्टिरॉइडच्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. आणि शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, पानाने डोळ्याला ओरखडा आला तर दूध, मध, लोणी काहीही न घालता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा जखमेत बुरशी शिरली तर बुबुळावर फूल पडून नजर जाऊ शकते.

६) भरतीसाठी करावयाचे असेल तर

आधी जाहिरात वाचावी, मग डॉक्टरांकडे जावे. क्रम उलटा करू नये. रेल्वेच्या २०२४ च्या सहाय्यक लोको पायलट भरतीत लॅसिक किंवा नंबर घालवण्याची अन्य शस्त्रक्रिया केलेला उमेदवार अपात्र, असे स्पष्ट नमूद होते. म्हणजे ज्या नोकरीसाठी घरचे पैसे घालायचे, तिचाच दरवाजा त्या पैशाने बंद व्हायचा! सैन्यदले व पोलीस यांचे नियम पदानुसार वेगळे असतात आणि बदलतात. सबब त्या वर्षीच्या जाहिरातीतील वैद्यकीय अटी मुलाबरोबर बसून वाचाव्यात.

७) काय मिळते, काय मिळत नाही?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लॅसिक केलेल्यांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. मात्र आधी काहीच त्रास नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनंतर दिव्याभोवती वलय, चमक असा एखादा तरी नवा त्रास जाणवला. फार अडचण होणारे एक टक्क्याहून कमी होते. कोरड्या डोळ्यांचा त्रासही सुरुवातीला पुष्कळांना होतो. रात्री ऊस वाहतूक करणाऱ्या ड्रायव्हरने हा मुद्दा नीट तोलावा.

लेसरने चाळिशी टळत नाही. चाळीसनंतर आतले भिंग ताठर होते, तो पडद्याचा दोष नव्हे. मोतीबिंदूही टळत नाही. मोठा उणे नंबर असेल तर दृष्टिपटल सुटण्याचा धोका तसाच राहतो, म्हणून पडद्यामागची तपासणी पुढेही करावी. शस्त्रक्रियेपूर्वीचे सर्व कागद जन्मभर जपावेत. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढताना ते लागतात. शिवाय पातळ पडद्यावर डोळ्याचा दाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून काचबिंदूची तपासणी करणाऱ्यालाही सांगावे.

८) खर्च

आरोग्य विम्यात साधारणपणे ७.५ पेक्षा कमी नंबरासाठी हा खर्च मिळत नाही. तपासणी, थेंब, पुढच्या फेऱ्या आणि नंबर थोडा उरला तर पुन्हा करावे लागणारे काम, हे सर्व दरात धरले आहे का ते लेखी घ्यावे. "आज नोंदवा, उद्या करा" अशा सवलतीला भुलू नये. बेणे स्वस्त मिळाले म्हणून कोणी प्लॉट लावत नाही.

९) डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या पडद्याची जाडी किती आणि शेवटी किती उरेल?
२. पडद्याचा नकाशा निर्दोष आहे का?
३. डोळे कोरडे आहेत का?
४. माझ्या धंद्याला कोणती पद्धत योग्य, आणि का?
५. काहीच केले नाही तर माझे काय बिघडेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा "काही नाही" असेच येईल. मोतीबिंदू पिकला तर थांबता येत नाही, चष्म्याच्या बाबतीत थांबता येते. बुबुळ मोठे करणारे थेंब घालून तपासणी होते, त्या दिवशी मोटारसायकलवर एकट्याने जाऊ नये. सोबत माणूस न्यावा, आणि घरी येऊन चार दिवस विचार करावा. सर्व मोजमापे अनुकूल असतील, गरज खरी असेल आणि पैसा कर्जाचा नसेल, तर बिनधास्त करावे. यांपैकी एकही गोष्ट अडत असेल, तर चष्मा घालून उसातून फिरणाऱ्या माणसाला कमीपणा काहीच नाही. उलट पानाच्या धारेपासून डोळ्याला तेवढीच आड होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी